नात्यातला पेशंट

१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. स्वयंपाकघरातला नळ अखेर मी स्वतः दुरुस्त केला, त्यामुळे तो आता दोन ठिकाणांहून गळतो. बायको म्हणते, तुम्ही आपली माणसंच दुरुस्त करा.

आम्हा स्वयंसेवक डॉक्टरांना नवी जाकिटं मिळालीत. माझं घातलं की मी थेट गॅसचा सिलिंडर दिसतो. काम तेच. दवाखान्यात असताना फोन आला की बॅग उचलायची, धावायचं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पेशंटला सांभाळायचं.

रविवारी आमच्या सभेत तुला माझ्याबद्दल दोन शब्द बोलायचेत असं लिहिलंस. त्याआधी हे वाच. फोनवर सांगायला गेलो, तीनदा, आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

आमच्यात नियम आहे : पेशंट नात्यातला निघाला तर बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि बाजूला व्हायचं. त्या दुपारी ट्रकने भाऊजींची स्कूटर उडवली, तेव्हा सगळ्यात आधी मीच पोचलो. पोटात आतल्या आत रक्त जात होतं. अशा वेळी रस्त्यावर काहीही करत बसायचं नसतं, उचलायचं आणि ऑपरेशनला पोचवायचं. हे मीच नव्या लोकांना शिकवतो गं!

ॲम्ब्युलन्स लगेच आली. तिच्यावरची सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, सलाइन गाडीत लावू. निघूया." मी तिला गप्प केलं. शीर सापडेना. एक हात, दुसरा हात, पुन्हा पहिला. तिने विचारलं, "तुमचे कोण लागतात हे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. खरं बोललो असतो तर तिने बॅग काढून घेतली असती. अकरा मिनिटं गेली, ताई.

सर्जन म्हणाले, तसेही वाचले नसते. असेलही. माझी खात्री नाही आणि आता कधी होणारही नाही. परवा मी आमच्या प्रमुखांना सगळं लिहून दिलं. सिस्टरची माफी मागितली, तर म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."

रविवारी यायचं की नाही, ते तू ठरव. मी रागावणार नाही, मला तो हक्कच नाही.

आणखी एक. शेवटचं काही बोलले का, असं तू विचारलं होतंस. मी नाही म्हणालो होतो. बोलले होते. माझं मनगट धरून म्हणाले, "निघूया ना आता?"

मी म्हणालो, "भाऊजी, एकच मिनिट."

तू म्हणशील तोवर तुझा,
धाकटा