आनंदाचा तास

सोमवार, ४ तारीख

पोहोचले एकदाची. माझी ट्रंक फाटकातून आत येते न येते तोच हॉलमधून टाळ्यांचा कडकडाट. इतकी वर्षं शाळेत घसा फोडला, पण निरोप समारंभालाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. तिथे सगळ्यांचं लक्ष खाण्याच्या बशीकडे होतं.

हे गतिमंद प्रौढांचं निवासगृह. माणसं तिशी-चाळिशीची, पण त्यांना सांभाळायला लहान मुलांसारखं कोणीतरी लागतं. संचालिकेला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा दिला आणि काम समजावलं. जेवणानंतर रोज ‘आनंदाचा तास’ घ्यायचा. बेल झाली की टाळ्या सुरू, पुन्हा बेल होईपर्यंत थांबायचं नाही. हातांना व्यायाम, मनाला उभारी. नियम एवढा एकच. शाळेत इतके नियम होते की मुलांना शिकवायचं राहूनच जायचं.

खोली छान आहे. खिडकीला जाळी असल्यामुळे डास नाहीत. दादाला फोन केला. मागून वहिनीने विचारलं, किती दिवसांसाठी गेल्यात. कायमची, असं सांगितल्यावर तिचा आवाज एकदम मधाळ झाला.

बुधवार, ६

इथे एक ‘साहेब’ आहेत. गोल पोट, काखेत रिकामी फाईल. जो दिसेल त्याला म्हणतात, “या, बसा.” मला म्हणतात, कुत्र्याला म्हणतात, काल झाडूलाही म्हणाले. खऱ्या साहेबांनी मला इतक्या अगत्याने कधीच बसवलं नाही.

त्यांच्या मागे सावलीसारखी एक असते, तिला चिमणी म्हणतात. काडीसारखी, अजिबात बोलत नाही. टाळ्यांच्या वेळी हात काखेत घालून बसते. हट्टी आहे, असं मावशी म्हणाली. मावशी म्हणजे आंघोळी घालणारी बाई. दंड पैलवानाचे, अंगाला साबणाचा वास, आणि ज्याला त्याला ‘राजा’ म्हणायची सवय. ज्याने दंगा केला त्याला ती दुपारी वेगळी आंघोळ घालते. थंड पाण्याने डोकं शांत होतं म्हणे. वहिनीला ही पद्धत कळवायला हवी.

मंगळवार, १२

जिंकले. चिमणीने टाळी वाजवली. तिचे हात काखेतून ओढून काढले, माझ्या हातात धरले आणि वाजवून घेतले. बोटांची पेरं सुजलेली आहेत, थंडीने असतील. पठ्ठीची टाळी सगळ्यांच्या मागून पडते. अख्ख्या हॉलची वाजून झाली की हिची एक, एकटीच. उशिरा पोहोचणारी माणसं मला आवडतात.

साहेब आज नव्हते. देणगीदार बाईंच्या बशीतलं बिस्कीट उचललं म्हणून त्यांची आंघोळ होती. मोठ्या बाईंनी मुद्दाम येऊन कौतुक केलं की तुम्ही आल्यापासून टाळ्या फाटकापर्यंत ऐकू जातात. मी फुलून गेले.

शुक्रवार, १५



आजही साहेबांची आंघोळ होती. टाळ्या रंगात आलेल्या, आणि चिमणी मटकन खाली बसली, कान घट्ट दाबून. मी थांबले. मी थांबले म्हणून सगळेच थांबले. आल्यापासून पहिल्यांदाच तो हॉल बेल व्हायच्या आधी शांत झाला.

भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज. मग काहीतरी आपटल्याचा. मग साहेबांचा आवाज, गुळण्या करताना यावा तसा. “बसा... या, बसा...”

ती विनवणीच होती. त्यांच्याजवळ तेवढेच शब्द होते.

मावशीने दारातून डोकं बाहेर काढलं. भाजीत मीठ किती घालू विचारावं तितक्या सहज म्हणाली, “बाई, टाळ्या?”

माझे हात वर गेले. मी टाळ्या घेतल्या. चिमणीकडूनही घेतल्या. बेल आज फार उशिरा झाली.

शनिवार, १६

साहेब गेले. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ठरलंय. डॉक्टर येऊन गेले. मोठ्या बाईंचे धाकटे दीर. त्यांनी चादर न उचलताच मृत्यूचं कारण लिहिलं. पाहायची गरजच काय, घरातलंच काम.

वरच्या कार्यालयाला कळवायच्या कागदावर माझी सही हवी होती. मोठ्या बाई समजुतीने म्हणाल्या, “तुम्ही टाळ्या घेत होता. म्हणजे तुम्हाला काही ऐकू आलं नसणारच.”

सही केली नाही.

साहेबांची फाईल आता चिमणीच्या काखेत आहे. ती सोडत नाही. मावशीने माझ्यादेखत तिचा गाल कुरवाळला, म्हणाली, हट्ट करतेस ना राजा, या बुधवारी तुझी पाळी.

म्हणून फोन केला, तपासणी कार्यालयाला. पलीकडच्या बाई फार गोड. सगळं लिहून घेतलं, माझं नाव दोनदा विचारलं, सोमवारी स्वतः येते म्हणाल्या. तोवर कुणाशी बोलू नका म्हणाल्या. चिमणीला सांगितलं, तुला आता कोणी हात लावणार नाही. तिला कळलं असावं. माझा पदर धरून झोपली.

सोमवार, १८

आल्या. टाळ्यांनी स्वागत झालं. मोठ्या बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन मला ओळख करून दिली. “या आमच्या विहीणबाई. फोनवरच्या तुमच्या आवाजाचं फार कौतुक करत होत्या.”

इथली तक्रार घराबाहेर जातच नाही. विहिणीच्या खोलीतून दिराच्या खोलीत, तिथून जावेच्या.

विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही दमलेल्या दिसता. मग दादाला फोन लावला गेला. वहिनीच बोलली. तिला म्हणे माझ्या डोक्याबद्दल आधीपासून शंका होती. राहू द्या तिथेच, उरलेले कपडे पाठवून देते.

मंगळवार

चपला सापडत नाहीत. फाटकाला कुलूप. डॉक्टरने दंडात सुई टोचली, तेव्हापासून जीभ जड. मदत मागते तर अर्धेच शब्द बाहेर—

मावशीने सकाळी चहा दिला. म्हणाली, घे राजा.

बुधवार

बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिले. चिमणीला नेऊ देणार नाही. टाळ्याही घेणार नाही. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “नका घेऊ. आता हिला येतात.”

तेव्हा कळलं, आज आंघोळ चिमणीची नाहीच.

दुपार

खोलीला बाहेरून कडी. मावशी बादल्या भरते आहे. दारातून सांगून गेली, घड्याळ काढून ठेव, पाणी जाईल—

वही खिडकीच्या जाळीमागे खुपसते. कुणाला सापडली तर चिमणीला आधी—

बेल.

टाळ्या. केवढ्या. फाटकापर्यंत जातील—

कडी काढताहेत—

सगळ्यांची वाजून झाली की मागून एक. एकटीच. पुन्हा. मीच शिकवली. छान वाजवते आहेस ग पो—