तरफदारी

कुरुंदा, तालुका बसमत
ता. २० डिसेंबर १९४८

बद्रुद्दीन मास्तर यांस,
हरिचंदचा सलाम.

परभणीच्या तुरुंगात थंडी फार असेल. कांबळं मिळालं का? इकडं हळद काढायला आली. शाळा सुरू आहे. उर्दूचे वर्ग बंद झाले, तुमच्या वर्गातली मुलं आता माझ्याकडंच बसतात. तुमच्या घरचं पुढं लिहितो.

शाळेचं उर्दू दफ्तर मराठीत करायचं काम मला दिलंय. काल ‘तरफदारी’ शब्द आला आणि हात थांबला. तुम्हीच एकदा सांगितलं होतं, तरफ म्हणजे बाजू. मी म्हणालो, आमच्याकडं पक्षपात, पक्ष म्हणजे पंख, पात म्हणजे पडणं. तुम्ही हसलात, “तुमचं पाखरू पंखावर पडतं, आमचा माणूस बाजूवर. पडतात दोघंही.”

ऑक्टोबरात चावडीवर लष्करी साहेबांनी तुमच्याकडं बोट दाखवून विचारलं, हा रझाकारांचा माणूस होता का? सटवाजी पाटील मला म्हणाले, “मास्तर, तुमी त्याचे दोस्त. बोला.” मागून कुणीतरी ओरडलं, “तो त्याची तरफदारीच करणार!”

मी म्हणालो, “मला ठाऊक न्हाई.”

ठाऊक होतं. रझाकार गावात शिरले तेव्हा माझी लेक रुख्मिणी तुमच्या घरात, कणगीमागं होती. नजमुन्निसा भाभी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, “अंदर सिर्फ मेरी बच्ची है.” तुम्ही भाभींच्या पुढं, रझाकारांसमोर उभे होतात. हे सगळं सोडून मी ते तीन शब्द बोललो. तुम्ही एकदाच माझ्याकडं पाहिलंत आणि शिपायांबरोबर चालू लागलात.

त्या दिवसापासून घरात रुख्मिणीची आई, द्वारका, माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, “काहून गप बसलात?”

आता लिहायलाच हवं. भाभी गेल्या शुक्रवारी गेल्या. आठ दिवस ताप होता. हकीम आणले, पण उशीर झाला. रुख्मिणी उशाशी होती. भाभींनी मला विचारलं, “मास्टर, उस दिन आपने क्या कहा था?” मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो. मातीला आम्ही पाचच जण होतो.

शनिवारी चालत बसमतला गेलो, सगळं लेखी जबाबात दिलं, खाली सही केली. कारकून म्हणाला, “दोन महिने कुठं होता, मास्तर?” कागद परभणीला पाठवतो म्हणाला. गावात कळलंय. पाटलांनी माझा रामराम घेणं सोडलं.

तुम्ही सुटाल त्या दिवशी मी परभणीला फाटकापाशी उभा असेन. तोंड फिरवलंत तरी कबरीपर्यंतची वाट सांगत मागून चालत येईन.

‘आपला मित्र’ लिहायला हात उचलवत नाही.

हरिचंद