मोठ्या चाकांच्या खुर्चीची निरवानिरव

मी, खाली जिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा उमटणार आहे ती, या घरातली आजी, वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे ते माझ्या आईलाच ठाऊक, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, जीभ नको तेवढी ठिकाणावर आहे, आणि पाय सोडले तर बाकी अवयवांविरुद्ध माझी तक्रार नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. घरातले बाकीचे सगळे माझ्या दबावाखाली आहेत, याची नोंद घ्यावी.

"लिहून ठेवते" हे तेवढे खोटे. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि धाकटी सून लिहिते. ती मध्येच माझे बोलणे सोवळे करायला जाते, म्हणून असे ठरले आहे की कलम झाले की तिने मोठ्याने वाचायचे आणि ऐकून मला हसू आले तरच पुढे जायचे.

वकीलबाईंनी सांगितले की मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. मी म्हटले, मग काही कलमे आधीच वाचून दाखवू, म्हणजे मलाही मजा बघता येईल. त्या म्हणाल्या, त्याला कायद्याची हरकत नाही.

कलम पहिले, घर. घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. थोरला इथे राहतो, धाकटा नोकरीच्या गावी आणि बायको माझ्यापाशी, कारण तिला तिथल्यापेक्षा इथे जास्त करमते. भांडायचे असेल तर आत्ता भांडावे. मी आहे तोवर निवाडा फुकट आहे.

कलम दुसरे, काठ्या. माझ्याकडे तीन आहेत: एक साधी, एक खाली चार पाय फुटलेली, आणि एक चौकोनी घोडा, जो पुढे टाकायचा आणि मग आपण त्याच्या मागे जायचे. तिन्ही मी त्याच क्रमाने वापरल्या आणि प्रत्येक बदलताना तोंड वाकडे केले. साधी काठी थोरल्याला. तो जिना उतरताना डावा पाय चोरतो आणि कोणी बघितले की बूट चावतो म्हणतो. अनवाणी असतानाही बूट चावतो. मात्र ती आहे तशी घ्यायची नाही. उभे राहून हात सैल सोडायचा, मनगटाच्या हाडाशी मूठ आली पाहिजे, तेवढी खालून कापायची. माझ्या मापाची काठी त्याने धरली तर तो काहीतरी हरवल्यासारखा वाकून चालेल.

कलम तिसरे, पलंग. मागच्या खोलीतला, म्हणजे आता माझ्या खोलीतला, लोखंडी पलंग, जो हँडल फिरवले की डोक्याकडून वर होतो आणि ज्याला दोन्ही बाजूंना कठडे आहेत, तो माझ्या पतींसाठी घेतला होता. ते सुतार होते. अर्धे अंग गेले तेव्हा थोरल्याने धावपळ करून दुकानातला सगळ्यात मोठा पलंग आणला. मुलाचा जीव होता बापावर, त्याबद्दल शंका नाही. पण हे तेव्हा खुर्चीत बसू शकत होते, एका हाताने फळीला पॉलिशकागद घासू शकत होते. पलंग आला, कठडे वर झाले, आणि मग त्यांना उठवायची कोणाला गरजच वाटेना. बसायचे ते निजले आणि निजले ते निजलेच. आमच्या घरात पलंग आधी आला, आजार मागून.

म्हणून लिहा: पलंग विकायचा नाही, पण मला त्यात दिवसा घालायचे नाही. हवेची गादी, जी आपोआप फुगते आणि बसते म्हणजे निजून पाठ चिघळत नाही, ती माळ्यावर राहील. मी अजून स्वतः कूस बदलते. ज्या दिवशी मला कूस बदलता येणार नाही त्या दिवशी ती खाली काढावी, आदल्या दिवशी नाही आणि चार दिवसांनी तर मुळीच नाही.

(इथे सुनेने वाचून पेन खाली ठेवले. मलाही हसू आले नाही. तरी पुढे जाऊ दिले.)

कलम चौथे, खुर्ची. चाकांच्या खुर्चीवरून घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात थोरला, दुसऱ्यात मी, आणि सून लिहिणारी असल्यामुळे तटस्थ.

थोरल्याने आणलेली खुर्ची अरुंद, चारही चाके लहान. दारातून सुळकन जाते, पण मागून कोणीतरी ढकलावी लागते. ढकलणारा येईपर्यंत मी म्हणजे कोपऱ्यात टेकवलेले पोते. दुसरी खुर्ची माझ्या हातापायांना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी निवडली. त्यांनी टेप काढून माझी कंबर, मांडी, पाठ मोजली आणि वर विचारले, "आजी, आज काय जमतं? आणि कशाची भीती वाटते?" आजवर शिंपी सोडून कोणी माझे माप घेतले नव्हते. या खुर्चीची मागची चाके मोठी, त्यांना बाहेरून कडे, ते हाताने फिरवले की खुर्ची माझ्या मर्जीने जाते. हात थकले की मागे ढकलायच्या मुठी आहेतच. मान धरेनाशी झाली की उंच पाठ जोडता येते. एका अंगावर कलायला लागले की बाजूला उशी बसते. म्हणजे माझ्याबरोबर म्हातारी व्हायला तयार असलेली खुर्ची.

खोट एकच. माझ्या खोलीच्या दारापेक्षा ती दोन बोटे रुंद आहे; आत आणली ती घडी घालून.

तेवढ्यासाठी मी खोलीतल्या खोलीत गिरक्या घेते. पलंगाला वळसा, कपाटाला वळसा, आरशासमोर आल्यावर स्वतःला सलाम. भरधाव दारावर जाऊन बघितले, वेगाने काही फरक पडत नाही, बोटांची सालटी तेवढी निघतात. दाराची चौकट सागवानी आहे, यांनी स्वतः घडवलेली, आणि थोरला तिला हात लावू देत नाही.

काल तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बाबांच्या हातची चौकट आहे ती. दुसरी खुर्ची घे, मी ढकलेन ना तुला."

"कधी?"

"संध्याकाळी आलो की."

"म्हणजे सकाळी मला बाहेर ओट्यावर जायचं झालं तर मी संध्याकाळपर्यंत इच्छा धरून ठेवायची."

"पण चौकट कापायची म्हणजे..."

"मलाही या घरात त्यांनीच आणलं, बाळा. आम्हा दोघींपैकी एकीला निवड."

तो पाठ फिरवून गेला. तेव्हा लिहा, आणि हे कलम त्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचा: माझ्या पतींची करवत, रंधा आणि पटाशी थोरल्याला. तो लहानपणी बापाशेजारी बसून हे काम शिकला आहे, नंतर विमा विकायला लागला. अट अशी की या हत्यारांचा पहिला वापर याच चौकटीवर आणि माझ्या हयातीत व्हावा. तसे न झाल्यास हत्यारे शेजारणीच्या जावयाला जातील, जो खिळा धरून अंगठा ठोकतो.

(सुनेने मोठ्याने वाचले. बाहेर वर्तमानपत्राचे पान उलटले, परत उलटले, आणि मग पायरीवर चपला वाजल्या. गेला.)

कलम पाचवे, शेजारीण. मी आणि भिंतीपलीकडची शेजारीण कित्येक वर्षे बोलत नव्हतो. तिने माझे मोठे पातेले नेले आणि पोचा पाडून परत आणले, वर म्हणाली पोचा आधीपासूनच होता. मला माणसे उचलून इकडून तिकडे ठेवायचे यंत्र आले, तेही थोरल्याने घाईनेच आणलेले, तेव्हा ती न राहवून बघायला आली. त्याला कापडी झोळी असते. तिच्यात बसायचे, बटण दाबायचे, की माणूस हवेत. मला अजून त्याची गरज नाही, पण मी रोज एकदा मौजेखातर वर जाते. शेजारीण म्हणाली, मलाही बसव. बसवली. ती वर गेली आणि बॅटरी संपली. बाई पलंगाच्या वर, पाय हलवत, लुगड्याची टोके सावरत. सून घाबरली, दुकानाला फोन करायला बाहेर धावली. अशा वेळी हाताने खाली आणायला एक लाल खटका असतो, तो मला माहीत होता. पण तो कुठे आहे हे मला कोणी विचारलेच नाही.

मी खुर्ची पलंगाशी नेली आणि वर बघून विचारले, "पातेलं?"

ती म्हणाली, "उतरव आधी."

"पातेलं?"

"जिन्यात पडलं. तीन पायऱ्या गडगडलं. झालं समाधान?"

मी खटका ओढला. ती खाली येईपर्यंत दोघीही इतक्या हसत होतो की झोळी गोल फिरायला लागली. तेव्हापासून ती रोज येते. म्हणून ते पोच्याचे पातेले तिला, आणि माझा वापर संपल्यावर उचलायचे यंत्रही तिला, कारण माझ्यापेक्षा ती भारी आहे आणि तिची सून बारीक. बॅटरी रोज रात्री चार्जिंगला लावावी. खटका लाल आहे, हे तिच्या घरच्यांना मात्र सांगून ठेवावे. ती या कागदावर साक्षीदार व्हायला बसली होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. तिने क्षणभर विचार केला आणि पातेले निवडले.

कलम सहावे, माझा शब्द. बँकेत जे असेल ते आधी टायर, बॅटरी आणि गादीवर, उरेल ते दोन्ही मुलांत. माझे कपाट धाकट्या सुनेला. (ती नको नको म्हणते आहे. लिही गप.) मी बोलेनाशी झाले तर माझ्यासाठी काय आणायचे आणि काय परत पाठवायचे हे तिने ठरवावे. तिने रोज मला अंघोळ घातली आहे, माझे अंग तिच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त कळते. ठरवताना आधी एकच विचारायचे: हिला अजून काय जमते? जे जमते ते हिरावून घेणारी वस्तू, कितीही महागाची आणि मऊ असली, तरी घरात घ्यायची नाही. आणि जे जमेनासे झाले त्यासाठी मी नाही नाही म्हणाले तरी आणायची. मी म्हणेनच. माझ्या तोंडाकडे लक्ष देऊ नये.

कलम सातवे. हे ठरलेले नव्हते.

सहावे कलम वाचून होत होते तेव्हा थोरला परत आला. हातात तेलाची बाटली. माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली, करवतीला तेल लावले, आमच्याकडे बघितले नाही. दाराची फळी बिजागऱ्यांसकट उतरवून भिंतीला टेकवली, चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली, आणि मग त्या रेघेवर करवत ठेवून बराच वेळ तसाच थांबला. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडले आहे. मग त्याने ओढली.

बापासारखीच ओढतो. खांदा हलत नाही, कोपरापासून.

दोन्ही बाजूंनी एकेक बोट निघाले. सागवानाचा वास खोलीभर झाला, घर नवे होते तेव्हाचा. कापलेल्या पट्ट्या हातात घेऊन तो म्हणाला, "आई, याचं काय करू?" मी म्हटले, उंबरठ्याला उतार कर, नाहीतर चौकटीतून सुटून मी तिथे अडकेन. त्याने त्याच पट्ट्या रंधून उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना ठोकल्या. उठताना गुडघा धरला. मी काठीकडे बोट दाखवले. तो हसला, पण बूट चावतो म्हणाला नाही.

पहिल्या खेपेला डाव्या हाताचे एक बोट घासले. दुसऱ्या खेपेला गेले. बैठकीतून सरळ, बाहेरचे दार दोन फळ्यांचे आहे, त्यातूनही सरळ, मागून सून कागद घेऊन धावते आहे, थोरला ओरडतो आहे की आई ब्रेक, ब्रेक, आणि शेजारीण तिच्या खिडकीतून टाळ्या वाजवते आहे. ब्रेक मी माझ्या वेळेला लावला.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. मी ऐकून हसले, एका कलमाला सोडून. चौथ्या कलमातली अट पुरी झाली असून शेजारणीच्या जावयाचा हत्यारांवर हक्क राहिलेला नाही, त्याच्या अंगठ्याने निर्धास्त असावे.

लिहिणार: धाकटी सून.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चष्मेवाला, सही केली, चष्मा न लावता.

साक्षीदार दुसरी: व्यायामाच्या बाई, सही केली, आणि आधी दाराला टेप लावून बघितली.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा, आजीचा. शाईशेजारी थोडे लाकडाचे भुसकट चिकटले आहे, ते पुसू नये.

तारीख: चौकट कापली तीच, सुनेने आकड्यात घातली आहे.

ठिकाण: सुनेने आधी "मागची खोली" असे लिहिले होते. ते खोडले आहे. ठिकाण, घराबाहेरचा ओटा. कोणीही आणून सोडलेले नाही.