माऊस मंद नव्हता

प्रिय ढमे,

तू पाठवलेलं पार्सल गेल्या मंगळवारी पोचलं. माऊस एक, त्याखाली पसरायची कापडी चटई एक, आणि एका डबीत माऊसच्या पोटाला चिकटवायचे गुळगुळीत ठिपके. पावती तू आठवणीने काढून घेतलीस, पण खोक्यावरची किंमत खरवडायची विसरलीस. तेवढ्यात आपल्याकडे दोन महिन्यांचा किराणा येतो. ओरडत नाही गं, प्रेमाने पाठवलंस ते कळतं. पण बाबा मंद झाला म्हणत होते तो जुना माऊस धडधाकट होता. हे मी चिकटपणाने म्हणत नाही, टेप लावून मोजलंय म्हणून म्हणते.

झालं असं. बाबांनी मंगळवारीच नवा माऊस जोडला आणि नवा शर्ट मिळाल्यासारखे घरभर फिरले. गुरुवारी तोही मंद झाला. "हाही तसलाच. हात ओढून ओढून खांदा भरून येतो," म्हणाले. मला नवल वाटलं. एक मंद असेल, दोन्ही कसे? रविवारी दुपारी तुम्ही बापलेक, तू तिकडून नि ते इकडून, संगणकावर तो गोळीबाराचा खेळ खेळता तेव्हा मी माळ घेऊन कॉटवर बसलेली असते हे तुला ठाऊक आहे. माळ ओढता ओढता निम्मा खेळ मला पाठ झालाय, देव क्षमा करो. मागे तू त्यांना कानातल्या फोनवर झापलेलंही मला ऐकू आलं होतं, की बाबा, ती एफओव्हीची, चित्र रुंद-अरुंद करायची पट्टी पार टोकाला का नेलीत, चित्र एवढं रुंद केलं की माणूस मुंगीएवढा दिसणार आणि माऊस मंद वाटणारच. त्यावर बाबांचं उत्तर काय, तर मला चहूकडचं दिसायला हवं, मी ड्रायव्हर माणूस आहे. तू हसलीस. मीही हसले.

शुक्रवारी ते केस कापायला गेले तेव्हा मी संगणक लावला. जिथे कुणी मारायला येत नाही त्या सरावाच्या मैदानात गेले, एका लाल शटरसमोर उभी राहिले आणि चटईवर शिवणकामाचा टेप ठेवला. पट्टी बाबांनी ठेवली होती तशीच टोकाला. माऊस सरळ उजवीकडे सरकवत गेले, गोल फिरून लाल शटर पुन्हा समोर येईस्तोवर. टेपवर खडूने खूण केली. मग पट्टी मधोमध आणली आणि पुन्हा तसंच केलं. ढमे, खूण तिथल्या तिथे! मग जुना माऊस लावून पट्टीच्या दोन्ही जागी फिरवला, तरी आधीच्या मापात नि नंतरच्या मापात बोटभराचा फरक नाही. म्हणजे हाताला पडणारं काम तेवढंच, फसतात ते डोळे. रुंद चित्रात शटर लहान होऊन गोगलगायीसारखं सरकतं, अरुंद चित्रात तेच झपकन निघून जातं. बसच्या खिडकीतून जवळचा खांब सपकन मागे पडतो आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, पण गाडीचा वेग एकच असतो, तसं. म्हणून तर बाबा माऊसचा वेग वाढवायचे आणि मग नेम भलतीकडेच जायचा. दोष माऊसचा नव्हता, त्यांना एवढं रुंद चित्र लागतं याचा होता. आणि ते का लागतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

पट्टी मी मधोमधच राहू दिली. त्यांना बोलले नाही. वाटलं, माऊस ठीक चालला की आपोआप गप्प बसतील आणि तुझं पार्सल परत करता येईल. पण गेला रविवार तुला आठवतच असेल. दर डावात पहिले मेले ते बाबा. तुझा आवाज तर कॉटपर्यंत येत होता, "डावीकडे बाबा, डावीकडे! भिंतीशी लग्न लावलंय का?" आणि बाबा म्हणत होते, कुठे आहे, कुठे आहे, आणि तो मेला शत्रू पडद्यावर डावीकडे एवढा धिप्पाड उभा होता की मला कॉटवरून चष्म्याशिवाय दिसत होता. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून मात्र बाबांनी त्या लांबच्या मनोऱ्यावरच्या माणसाला एका गोळीत पाडलं. नाकासमोरचं सगळं लख्ख. म्हणून तर दरवर्षी लायसनच्या तपासणीत तक्ता घडाघडा वाचून येतात आणि घरी येऊन मला ऐकवतात, बघ, तुझ्यापेक्षा माझे डोळे तरुण आहेत.

तू खेळ बंद केल्यावर मी त्यांना म्हटलं, नेम धरायच्या त्या मधल्या फुलीवरून नजर हलवू नका आणि सांगा, खाली कोपऱ्यात गोळ्या किती उरल्यात. ते म्हणाले, कोपऱ्यात काय असतं? मला वाटलं थट्टा करतायत. नव्हती. इतके दिवस ऐन वेळी त्यांची बंदूक रिकामी निघायची आणि तू त्यांना उधळ्या म्हणायचीस, ते यामुळे. आणि रुंद चित्र लागायचं तेही यामुळेच, त्यात कडेचं सगळं आकसून मधे, त्यांच्या नजरेत यायचं. मग मला एकेक आठवू लागलं. ताटाजवळचा पेला रोज लवंडतो. दाराच्या कडीने दंड काळानिळा झालाय. शाळेच्या फाटकाला बसचा आरसा घासला तेव्हा फाटक अरुंद केलंय म्हणाले होते. बसमध्ये मुलांना चढवणारी बाई मागे मला हसत म्हणाली होती, वहिनी, काका आता वळणावर घुबडासारखी अख्खी मान फिरवतात. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, सावध आहेत बिचारे.

सोमवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुरकुरले, पण आले. तिथे एका यंत्राच्या वाडग्यात तोंड घालून बसवलं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला उजेडाचा कण चमकला की बटण दाबायचं. बाहेर आले ते हेच म्हणत, बटण बिघडलंय यांचं. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. मध्ये वाटीएवढं पांढरं, भोवती काळं, डावीकडे जास्तच. काचबिंदू दिसतोय म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून राखायची. शाळेला सुट्टी आहे म्हणून आज बस उभी आहे, पण बाईंनी स्पष्ट सांगितलंय, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

बाबा ते मान्य करत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून, तर हे म्हणाले, झाले असतील पंधरा दिवस. बाई जरा दचकल्या. म्हणाल्या, पंधरा दिवसांत एवढं गेलं असेल तर हा काचबिंदू नाही, दुसरं काहीतरी आहे, डोक्याचा फोटो काढावा लागेल, औषधही वेगळं. हळूहळू वर्षभरात गेलं असेल तर हेच औषध चालेल. बाबा पंधरा दिवसांवर हटून बसलेत. मला कळतं का ते. वर्ष म्हटलं की त्या वर्षात बसमध्ये रोज बसलेली ती सगळी पोरं त्यांच्या डोळ्यांपुढे येतात. देवाने सांभाळलं, मी रोज दिवा लावताना म्हणते, पण त्यांना तेवढ्याने भागत नाही. पंधरा दिवसच म्हणजे थेंबांनी उतरेल आणि शाळा उघडली की बस काढू, असंही मनात आहे. बसची किल्ली मी देवांच्या मागे ठेवलीय. ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण अजून हात लावलेला नाही.

आणि एक. तुला कळवू नको म्हणून त्यांनी मला बजावलंय. म्हणाले, तिला कळलं तर ती मला सांभाळून खेळेल, मला खेळात बोलणी खाऊन मरायला चालेल, पण तिने माझ्यासाठी हळू पळायला नको. तेव्हा रविवारी नेहमीसारखीच खेळ आणि नेहमीसारखीच ओरड.

पण मला एक सांग. मी शेजारी बसून ऐकते त्यावरून, खेळात तू हल्ली नेहमी बाबांच्या डाव्या बाजूने चालतेस. "मी डावीकडे आहे, तुम्ही पुढे व्हा," हे तुझं वाक्य मला तोंडपाठ झालंय. आधी तू उजवीकडे असायचीस, नाहीतर कुठेही. ते तू ठरवून केलंस का? आणि केलंस तर कधीपासून? बाबांनी पट्टी टोकाला नेली ती कधी, माऊस मंद झाला असं पहिल्यांदा म्हणाले ते कधी? तुझ्या लक्षात आलं होतं आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू गप्प राहिलीस, असं असेल तरी लिही. मी रागावणार नाही, मीही शेजारीच बसले होते. डॉक्टरीणबाई पुढच्या सोमवारी पुन्हा विचारणार आहेत, आणि या घरात खरं सांगू शकेल असं तुझ्याशिवाय कुणी नाही. फोन करू नकोस, बाबा तुझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावतात. चार ओळी पुरेत, पण उलट टपाली पाठव.

तुझीच,
आई