राखून ठेवलेली चूक

मल्लेश्वरम, बेंगळुरू
रविवार

ती. सौ. कृष्णवेणी अक्कास,

धाकट्या यशोवर्धनाचा पाया पडून नमस्कार. तू बरी असशील, भावोजींची कंबर आता ऐकत असेल आणि धारवाडला इथल्यापेक्षा बरी हवा असेल असं धरून चालतो. इकडे सगळे क्षेम, फक्त तुझी आई, म्हणजे आमची रत्नामावशी, माझ्याशी बोलत नाही. तिनं फोनवर तुला जे काही सांगितलं असेल ते सगळं खरं आहे. पण त्याच्या आधीचं तिला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र. (मेसेजवर लिहिलं असतं, पण तिथं मी रागात टाइप करतो आणि थांबायच्या आत पाठवूनही टाकतो.)

कॉलेज सोडलं तेव्हा मी घरी सांगितलं होतं की एक मोठं काम हाती घेतलंय. (सोडलं म्हणजे काय, तर सरांनी फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम चालणार नाही असं मी म्हणालो, ते म्हणाले मग बाहेर हो, मी झालो. ते परत बोलावतील म्हणून वाट बघत होतो, ती अजून बघतोय.) ते काम म्हणजे ‘बस आली’ हे ॲप. कुठल्या थांब्यावर कुठली बस येते ते सांगतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे आतलं सगळं लिखाण जगाला उघडं. कुणीही वाचावं, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी, मी तपासून आत घ्यावी. पगार कुणालाच नाही, मलाही नाही. अप्पा त्याला धर्मशाळा म्हणतात आणि शिवाजीनगरच्या दुकानात बसायला बोलावतात. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या वर्गातली दिव्यश्री. अक्का, ती माझ्या चुका ज्या मायेनं काढायची त्या मायेनं कुणी माझं कौतुकही केलेलं नाही. मग ती पास झाली (लोक होतात) आणि दसऱ्यानंतर पुढं शिकायला तुमच्या धारवाडला गेली. निघायच्या दिवशी आम्ही मल्लेश्वरमच्या थांब्यावर उभे होतो. तिनं फोन बघितला आणि हसायला लागली, कारण आम्ही उभे होतो तो थांबा ॲपमध्ये रस्त्याच्या पलीकडं दिसत होता. मी तिथल्या तिथं नीट करायला निघालो, तर म्हणाली, “राहू दे रे, ही माझ्यासाठी ठेव. तिकडं स्वल्प बस्तान बसलं की मी करते.” आमच्या धंद्यात तशी रीतच आहे. सोप्या चुका मुद्दाम तशाच ठेवायच्या, वर ‘नवख्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावायची. नवीन माणूस ती दुरुस्त करतो आणि घरचा होतो. मी चिठ्ठी लावली. आता बाजारात बदामी आंबे आलेत, तिचं बस्तान अजून बसतंय.

एकट्यानं एवढ्या गावाचे थांबे सांभाळणं होईना, म्हणून माणसं शोधायला निघालो. शिवजयंतीला समाजाच्या सभागृहात माईक हातात घेऊन स्वयंसेवक पाहिजेत म्हणून सांगितलं. चांगली धडधाकट पोरं आली, छातीला फीत लावून, आणि पंगत कुठंय म्हणून विचारायला लागली. मग अप्पांच्या दुकानावर कागद चिकटवला, तर दिवसभर लोक पगार विचारत आले आणि ऐकून माझ्याकडं दयेनं बघत गेले. मग आठव्या क्रॉसजवळच्या हॉटेलात सभा बोलावली. मंजुनाथ म्हणून एक जण मित्रांना घेऊन आला, सगळ्यांनी दोसे खाल्ले, देशाचं भविष्य ठरवलं, आणि महिनाभर प्रत्येकानं एकेक स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवला. (नाव लागतं ना! नोकरीच्या अर्जात दाखवायला बरं.)

खरं काम करणारा एकच भेटला, पुष्कर. नवाच पुण्याहून आलेला, देवनहळ्ळीकडच्या कुठल्याशा लेआउटमध्ये राहतो, ऑफिसच्या गाडीत बसल्या बसल्या चुका दुरुस्त करतो. हुशार आहे, हे लिहिताना माझा हात दुखतो. एका सकाळी त्याचा मेसेज: “बाय द वे, तो मल्लेश्वरमचा स्टॉप राँग साइडला होता. फिक्स केलाय. पाच मिनिटं लागली!” अक्का, पाच मिनिटं! मी लिहिलं, तुला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, “अरे, तूच लिहिलंयस ना, नवख्यांसाठी? मी नवखाच आहे.” त्याचं बरोबर होतं, म्हणून मी रागावलो. सगळ्यांच्या देखत लिहिलं की पुण्याच्या माणसानं आमच्या गावचे रस्ते आम्हाला शिकवू नयेत, आणि दुरुस्ती परत पाठवली. मंजुनाथनं “सरी गुरू, बरतीनी” एवढंच लिहून निरोप घेतला, त्याच्या मागोमाग दोसेवालेही गेले.

आणि मग परवा मावशीचं झालं. माझं ॲप मनापासून वापरणारं माणूस जगात एकच, तुझी आई. शिवाजीनगरला बारसं होतं, बाळाला सख्खी आत्या नाही म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. त्याच मल्लेश्वरमच्या थांब्यासाठी ॲपनं सांगितलं तिथं, रस्त्याच्या पलीकडं, नवी इलकल नेसून ती उभी राहिली. बस समोरच्या अंगानं आली. “मी हात केला रे यशा,” फोन आपटायच्या आधी म्हणाली, “ड्रायव्हरनं पण केला. त्याला वाटलं म्हातारी टाटा करते!” ती पोचली तेव्हा शेजारणीनं नाव ठेवून, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. तिला वाटतं मी आळशी आहे. चूक ठाऊक असून ठेवली होती, हे सांगायला तोंड उघडत नाही.

असो. आता मुद्द्याचं. ॲपमध्ये तुमच्या धारवाडचे थांबे नव्यानं घातलेत आणि तिथं तपासणारं कुणीच नाही. भाजीला जातायेता तेवढं तू बघावंस, एवढीच विनंती. दिव्यश्रीचा विषय माझ्यापुरता संपला आहे. या पत्रात तिचं नाव आलं ते निव्वळ तांत्रिक कारणानं. भावोजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
यशोवर्धन

ता. क. तांत्रिक कारणानंच सांगतो, ती सप्तापूरलाच राहते, तुमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. उंच आहे, चालताना स्वतःशी बोलते. दिसली तर जेवायला बोलाव. कुणाबद्दल काही विचारते का बघ. विचारलं नाही तर मला कळवू नकोस.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो होतो, वाटेत तो थांबा लागला. परत आलो आणि पुष्करची दुरुस्ती आत घेतली. त्याला माफी लिहिली, त्यात पाच मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त गेली. त्यानं नुसता अंगठा पाठवला. मावशीकडं संध्याकाळी जाऊन खरं काय ते सांगणार आहे, तू मधे पडू नकोस. थांबा आता अगदी बरोबर जागी दिसतो. बघवत नाही.

ता. क. ३. धारवाडच्या यादीत मी एक जास्तीचा थांबा घातलाय, केळगेरीच्या तळ्यात, बरोबर मधोमध. तिथं कुठली बस येत नाही, त्यामुळं कुणाची चुकणारही नाही, कुणाचं बारसं बुडणार नाही. नीट विचार करून जागा निवडली आहे. बाकीचे सगळे तू तपास अक्का, तेवढा एक सोड. ती जेवायला आली तर वाढता वाढता सहज म्हण, आमचा यशा तळ्यात थांबा घालून बसलाय बघ.