पुस, बुडव, बघ

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे हिंडते-फिरते आहेत. हे सांगायला तीनदा तुझा नंबर लावला आणि तीनदा ठेवून दिला. मला एका जागी बसून काही धड सांगता येत नाही, हे तुला माहीतच आहे. आत्ताही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहूनच लिहितोय.

तर, गाडी. बाबांची म्हातारी गाडी. दोन महिन्यांपासून इंजिनाचं तेल गळतंय. मी खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला, तर संध्याकाळी त्यावर बटणाएवढे चार काळे ठिपके. बाबा म्हणाले, वय झालंय तिचं, चालायचंच, आणि रोज सकाळी स्वतः तेल टाकतच राहिले. मला कुठला धीर! मेकॅनिककडे नेली. त्याने एक सील बदललं. आठवड्यात पुन्हा डाग. मग त्याने खालचं गॅस्केट बदललं. पुन्हा डाग. मी गॅरेजमध्ये जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला कामचुकार म्हणालो. तो बिचारा हात पुसत ऐकून घेत होता. रागाच्या भरात मी किती मूर्ख दिसतो, हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस.

तुला आठवतं, आपल्याला गाडी शिकवताना बाबांनी महिनाभर स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता? आधी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी ओढायची आणि ‘पुस, बुडव, बघ’. पहिल्यांदा ओढलेली पट्टी थापा मारते, पुसून परत बुडवली की खरं बोलते, म्हणायचे. मी घाईत न पुसताच बघायचो आणि टपली खायचो. तू मात्र अगदी नेमाने करायचीस. तरी पहिल्याच दिवशी फाटक आडवं केलंस आणि शिकणं कायमचं सोडलंस, ते सोड.

तर, तिसऱ्या खेपेला मेकॅनिकने इंजिन धुऊन लख्ख कोरडं केलं आणि माझ्याकडून चिमीचा पावडरचा डबा मागवला. तुझ्या भाचीने तो देताना इंजिनाला घाम येतो का, असं विचारलं. त्याने सगळ्या इंजिनावर पावडर भुरभुरली आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. तेल वरून खाली उतरतं, म्हणाला, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. दोन दिवसांनी बॉनेट उघडलं, तर ओघळ थेट तेल ओतायच्या झाकणापासून निघालेला. त्याने पट्टी ओढली, पुसली, बुडवली, बघितली आणि म्हणाला, “साहेब, गळणाऱ्या गाडीत तेल कमी व्हायला पाहिजे. हिच्यात तर खुणेच्या कितीतरी वर आहे. घरी कोण टाकतं?” मी म्हणालो, कोणी नाही. तोंडातून निघूनच गेलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी ओट्यावरच्या या खिडकीशी उभा राहिलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी आले. पट्टी ओढली, फडक्याने पुसली आणि तशीच परत खोचली. बघितलीच नाही, ताई. मग तेल ओतलं. निम्मं बाहेरच सांडलं. आत येऊन हात धुतले, चहा घेतला, पेपर चाळला. आणि मग उठून पुन्हा बाहेर गेले, पुन्हा बॉनेट उघडलं, पुन्हा ओतलं. माझा चहा तसाच हातात राहिला.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. चिमीला पोहण्याच्या क्लासला तेच नेतात-आणतात. मागच्या बुधवारी दोघं तासभर उशिरा आले. चिमी म्हणाली, आजोबांनी आज त्याच चौकातून खूप चकरा मारल्या, मज्जा आली. मी हसलो होतो.

त्याच दिवशी मी गुपचूप बॅटरीची तार सैल केली आणि गळती सापडेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं मेकॅनिकच्या नावावर खोटं सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बोलतो. आणि बाबा? या वयात ते रोज पुठ्ठ्यावर आडवे होऊन टॉर्चने गळती शोधतायत. काल कपडे झटकत बाहेर आले आणि माझाच चेहरा बघून मला धीर दिला, “सापडेल रे. तू जिवाला लावून घेऊ नकोस.”

शुक्रवारी तू येणार, म्हणून स्टेशनवर यायला त्यांनी आत्ताच शर्ट काढून ठेवलाय. तार त्यांना सापडायला किती वेळ लागणार? म्हणून हे पत्र. तू टॅक्सीने ये. आल्यावर त्यांना म्हण, बाबा, मला पुन्हा गाडी शिकायची आहे, तुम्हीच शिकवा. मी किल्ली मागितली तर भांडण होईल, तुला ते हसत देतील, फाटकाची आठवणही काढतील. त्यांना शेजारच्या सीटवर बसव. महिनाभर बॉनेट उघडायला लावलं तरी कुरकुर करू नकोस. पुस, बुडव, आणि त्यांच्या वाटचं तू बघ. फक्त एकदा किल्ली हातात आली की परत देऊ नकोस.

तुझाच,
घायकुता धाकटा