तिसऱ्या रविवारच्या आधी

बाई, तुम्हाला मातीत ठेवून अकरा वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा तुमच्यावर राग काढायला बसले आहे. आडवं मूल कसं फिरवायचं, नाळ कशी बांधायची, सगळं शिकवलंत. चारचौघांत नाही कसं म्हणायचं ते तेवढं राहून गेलं. उद्या तिसरा रविवार. दोन रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं आणि हिंगोलीच्या मास्तरांचं नाव मंडळीसमोर वाचलं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगा म्हणाले. दोन्ही वेळा लोक खोकले आणि मी मान खाली घालून चटईच्या काड्या मोडत बसले. उद्या एकदा वाचलं की झालं. मंगळवारी लगीन, बुधवारी बैलगाडीनं हिंगोली. हट्ट्याचा आपला दवाखाना मग बंदच, कारण इथं यायला दुसरी नर्स तयार नाही.

मास्तर माणूस वाईट नाहीत. बायको वारून दोन वर्षं झाली, पदरी तीन लेकरं. परवा सगळ्यांना घेऊन आले होते. धाकटी बोलता बोलता माझ्या मांडीवर झोपली तेव्हा तिला उठवावंसं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? पण मला विचारलं कसं ते तरी ऐका. मंडळीचे पंचकाका, दवाखान्याच्या शेजारचे, त्यांच्या अंगणात सगळे जमलेले. काका म्हणाले, "सांग पोरी, तुझं काय म्हणणं हाय?" मी गप्प. आपल्या लोकांत पोरगी गप्प बसली की होकार धरतात. "लाजली गं लाजली," म्हणत काकूंनी साखर वाटली. चौतीस वर्षांची घोडी मी, लाजते कशाची! मी आपली शब्द जुळवत होते, तोवर साखर माझ्याही तळहातावर आली. आणि मी ती खाल्ली, बाई. थुंकायची ती खाल्ली.

तुमचं स्वयंपाकघर फार आठवतंय सध्या. मी नवी नवी शिकायला आलेली, चुलीपाशी उभ्यानंच भाकर मोडून तोंडात घालते आहे. तुम्ही दारात. "काहून उभी राहून खाऊन राहिली गं? जनावर हाय का तू?" मी म्हणते, एकटीसाठी कुठं ताट मांडत बसायचं. तुम्ही अशा काही चिडता, की हातातली उलथणी आपटता. "एकटं माणूस म्हंजे अर्धं माणूस वाटलं का तुला? प्रभूनं तरी कुठं लगीन केलं व्हतं? त्याला कोणी अर्धा म्हणतं का? बस खाली. ताट घे, प्रार्थना कर, मंग जेव." रोज तुम्ही तशाच जेवायच्या, एक ताट, एक तांब्या, डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना. कढी निवून जायची. मी पास झाले त्या दिवशी तुम्ही तुमचं ते पितळी ताटच मला दिलंत. मी विचारलं होतं, बाई, मी पण तुमच्यासारखीच राहू का? तुम्हाला आनंद होईल वाटलं होतं. तुम्ही मलाच झापलंत. "माझ्यासारखी काहून? लगीन कर न्हाईतर नको करू, दोन्ही देवाचीच देणगी हाय. फकत भेऊन कायबी करू नको. भेऊन केलेलं लगीन बी सडतं अन् भेऊन एकटं राहिलेलं बी सडतं."

आणि इथं तर सगळं भेऊनच चाललं आहे. रझाकारांची धास्ती होती त्या दिवसांत पंचकाकांनी दवाखान्याच्या फाटकाला कुलूप घातलं. तुम्ही कधी कुलूप आणू दिलं नव्हतं, नुसती कडी असायची. एकटी बाई आत, म्हणून कुलूप, आणि चावी त्यांच्या कमरेला. काका औंढ्याला गेले, वसमतला बाजाराला गेले की भर दुपारीसुद्धा मला आत कोंडून जायचे. मी कुरकुरले तर म्हणाले, "तुझ्या नावाला बट्टा लागला तर मंडळीला तोंड दाखवायला जागा न्हाई राहायची. तकलीफ सोस थोडी." निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गूळ वाटला, पण कुलूप आहे तिथंच आहे. आता मोकळं व्हायचं तर एकच वाट, म्हणे, लगीन कर.

आता ते सांगते, जे अजून कोणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यातली गोष्ट. काका बाजाराला गेलेले. भर दुपारी फाटक वाजलं. मोमीन विणकराची म्हातारी, तिची सून अडलेली होती. "नर्सबाई, ओ नर्सबाई," किती वेळ ओरडत होती. मागची भिंत माझ्या छातीएवढी आहे. शिकत असताना ती मी कितीदा चढले, तुमच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशीही भिंतीपर्यंत गेले, हात ठेवला. पलीकडे खळ्यावर गडीमाणसं बसलेली. नर्स भिंतीवरून उड्या मारते, गावभर होईल, असं वाटलं आणि परत येऊन खोलीत बसले. ओसुद्धा दिली नाही. आत कोणी नाही असं म्हातारीला वाटावं म्हणून श्वास धरून बसले. ती गेली. सून वाचली, बाळ गेलं. नाळ मानेला गुंडाळलेली होती, बाई. तुम्ही मला डोळे मिटून सोडवायला शिकवलेली नाळ.

आठ दिवसांनी म्हातारी भेटली, माझाच हात धरून म्हणाली, "तुम घरमेंच नै थे बाई, तुमारा क्या कसूर?" मी तिथंही गप्प बसले. म्हणजे बघा, कुलूप काकांचं खरं, पण तोंड मी माझं मीच बंद केलं होतं. त्या दिवसापासून तुमचं ताट मी फळीवरून खाली काढलं नाही. चुलीपाशी उभ्यानंच खाते.

उद्या नाव वाचतील तेव्हा उठायचं आणि म्हणायचं, हरकत आहे, माझीच आहे. मास्तरांची माफी मागायची, त्या पोरीकडे बघायचं नाही. मग म्हातारीच्या घरी जायचं आणि मी आत होते म्हणून सांगायचं. ते जास्त अवघड आहे. मघाशी पंचकाका फाटकाशी आले, तेव्हा आतून म्हणून पाहिलं, "काका, कुलूप नका लावू. बाया येऊन राहिल्यात." ते थबकले. म्हणाले, "आता दोन दिवसांचा तर सवाल हाय, पोरी," आणि लावलं. पण मी म्हणाले, बाई. माझ्या कानांनी ऐकलं.

हा कागद कुठं पाठवायचा? घडी करून त्याच फळीवर ठेवते, ताटाच्या जागी. ताट आज खाली काढलं, चिंचेनं घासलं, बसून प्रार्थना केली आणि जेवले. भाकर अर्धीच गेली. भेऊन राहिले आहे मी, बाई, फार.